डावा हात सापडत नाही

माणसानं साखरपुडा जरूर करावा, पण त्यासाठीचा ड्रेस ऑनलाइन मागवू नये. हे मी शहाणपणानं नाही, अनुभवानं सांगतेय.

मी कोमल, टाकवे बुद्रुकची. लोणावळ्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनवर उभी राहून दिवसभर गोड हसत सांगते, "सर, आमची टीम बघतेय." टीम म्हणजे मीच. गीझर बंद, मी. उशीला वास, मी. माकडानं चिप्स पळवले, तरी मीच.

आमच्याकडं साखरपुड्यात ओटी भरली की सासरची साडी नेसून बसायचं. ती सासूबाईंच्या पसंतीची. त्याआधीची आईच्या पसंतीची. मग माझ्या पसंतीचं काय? फक्त सत्यम! तोही कान्ह्याचा, म्हणजे हाकेच्या अंतरावरचा. म्हणून हट्टच धरला, की सासरची साडी येईपर्यंत तरी माझ्या अंगावर मला आवडलेलं, माझ्या पगाराचं असणार.

'मंदवारा' नावाच्या छोट्या ब्रँडचा घेरदार ड्रेस निवडला. हातमागाचं सूत, मंजिष्ठेचा लाल रंग, धरणीमातेला काडीचा त्रास नाही. फोटो बघून मी खुळीच झाले. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, चष्मा वर-खाली करून तोच फोटो बघितला.

"ह्ये? आगं, साखरपुड्याला पोतं घालून बसती व्हय?"

पार्सल आलं. दार लावून ड्रेस चढवला आणि आरशात बघितलं. कपाळ माझं! उजवी बाही कोपरापर्यंत आणि डावी बोटांच्या पुढं वीतभर. आई पदर तोंडात कोंबून हसत सुटली.

तळपायाची आग मस्तकात गेली. मेसेज केला. उत्तर आलं, 'नमस्ते सखी, आम्ही संथपणा जपतो.' चार दिवस जपला. मग केअर टीमच्या जान्हवीनं लिहिलं, 'हातानं घडलेल्या वस्तूतली असमानता हेच तिचं सौंदर्य.' मी लिहिलं, 'सौंदर्य मान्य, पण अंगठी घालायला डावा हात सापडत नाही.' शेवटी साखरपुडा परवावर आला, तेव्हा एक्स्चेंज टीमची तन्वी उगवली. 'बदलून देऊ. ड्रेसला टॅग मात्र हवा.'

मी घरभर टॅग शोधला.

"आबा, ड्रेसच्या गळ्याला एक जाडसर कागद होता. बघितला का?"

"पेरला की."

"काय केलंत?"

"त्याच्याव छापल्यालं, 'माझ्यात बिया आहेत. मला फेकू नका, मातीत पेरा.' पेरला वांग्याच्या वाफ्यात. पन बी बोगस हाय बग. येक कोंब न्हाई!"

पार्सलवरचा पत्ता वाचला तर खंडाळ्याचा! म्हणजे माझ्या हॉटेलापासून जरासंच पुढं. मी ड्रेस पिशवीत कोंबला. आबा वाफ्याकडं गेले आणि टॅग मातीसकट घमेल्यात घेऊन आले.

"त्यास्नी टॅग पायजे ना? ह्यो घ्या. आन मलाबी त्या बियाचं इचारायचंय."

मी स्कूटी चालवतेय, मागं आबा, आबांच्या मांडीवर घमेलं. कामशेतला हवालदारानं हात केला, घमेल्यात डोकावून आबांच्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता जाऊ दिलं.

पत्त्यावरच्या बंगल्याचं दार एका विस्कटलेल्या केसांच्या बाईनं उघडलं. अंगावर माझाच ड्रेस! दोन्ही बाह्या सारख्या! मी पेटलेच.

"जान्हवीला बोलवा."

"मीच."

"मग तन्वी?"

"तीपण मीच." ती कसनुशी हसली. "खरं नाव अमृता. मी आणि एक टेलर, एवढाच मंदवारा."

टीम म्हणजे मीच! मला हसू फुटत होतं आणि ते दाबताना रागही येत होता. तेवढ्यात आबांनी घमेलं तिच्या पांढऱ्याशुभ्र गालिच्यावर ठेवलं.

"ताई, हितं तुमचा टॅग. आता ह्ये बी का उगावलं न्हाई, त्ये सांगा. पानी घातलं, शेणखत घातलं, वर मूठभर युरिया बी दिला."

"युरिया?" अमृता किंचाळली. "काका, आमच्या ब्रँडच्या टॅगला युरिया?"

"मग काय, नुस्त्या मायेनं उगवंल?"

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! पण अमृता खालीच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत राहिली. म्हणाली, "काका, एवढे टॅग पाठवले, पण पेरणारे पहिले तुम्ही."

"बरं, आमचं काय?" मी ड्रेस तिच्यापुढं धरला. "साखरपुडा परवा आहे."

तिचं हसू गेलं. "चूक आमचीच आहे. टेलर दोन बाह्या दोन दिवशी शिवतो आणि मी तपासत नाही. पण दुसरा पीसच नाही गं. पैसे परत देते, लोणावळ्यात छान काहीतरी घे."

घ्यायला पाहिजे होते पैसे. "ठीक आहे" म्हणायला तोंड उघडलं आणि हुंदकाच बाहेर आला. शी! एका ड्रेसपायी परक्या बाईसमोर रडायला लागले.

आबांनी माझ्याकडं बघितलं.

"पैसं ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी," ते अमृताला म्हणाले. "मला सोताला ह्यात काय बी कळत न्हाई. पन पोरगी शाळंपासनं दुसऱ्यानं दिल्यालंच घालतीया. पयल्यांदाच सोतासाठी कायतरी मागितलंन. तिला ह्योच पायजे."

अमृतानं एकदा माझ्याकडं, एकदा स्वतःच्या अंगाकडं बघितलं. "साइज एकच आहे आपली," म्हणाली आणि पिशवी उचलून आत गेली. बाहेर आली ती माझा ड्रेस घालून. डावी बाही लोंबतेय, आणि उजव्या हातात तिचा ड्रेस. मी धावत आत गेले आणि घालून आले.

दोन्ही हात दिसत होते. घेर पायाभोवती डुलत होता.

आबांनी चष्मा वर-खाली केला. मला वाटलं, आता पोतं म्हणतील.

"फिर बरं जरा," ते म्हणाले.

मी फिरले.

"आनखी येकदा."

परत फिरले. अमृता लोंबत्या बाहीनं टाळ्या वाजवायला लागली, त्यांचा आवाजच होईना, आणि मी हसत हसत गरगर फिरत राहिले. गालिच्यावर माती सांडली.

"बास, बास, पडशील," आबा म्हणाले आणि टोपीनं डोळे पुसले. "परवा सासरची साडी नेसून त्यांची व्हशील गं तू. आज फिर."