गुलाबाला निजवणारा

शेडचं दार उघडलंत की डाव्या खिळ्यावर, पाण्याच्या नळीच्या वेटोळ्यामागे टांगलेला दिसतो तो मी. माती उकरायचा चार दातांचा जुना काटा. दात पोलादी, दांडा लाकडी आणि स्वभाव, मित्रांनो, खोटं कशाला सांगू, जळका आहे.

लॉइड टोलेफसन यांनी मला बायकोच्या, म्हणजे व्हर्नाच्या, वाढदिवसाला विकत आणलं. एकट्याला आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. त्यांच्या दुसऱ्या हातात पिवळ्या गुलाबाचं रोप होतं. व्हर्नाने रोप नाकाशी धरलं आणि मला भिंतीला टेकवून ठेवलं. त्या दिवसापासून तो गुलाब माझ्या डोळ्यांत खुपतो.

खरं तर त्याचा जीव माझ्या भरवशावर. अमेरिकेच्या उत्तरेला, आमच्या मिनेसोटाच्या हिवाळ्यात असला नाजूक गुलाब उभा ठेवला तर मरतो. म्हणून ऑक्टोबरात, जमीन गोठायच्या आत, त्याला आडवा निजवतात. फांद्या सुतळीने बांधायच्या, एका बाजूला चर खणायचा, दुसऱ्या बाजूने मी मुळांखाली शिरून माती सैल करायची. मग सगळं झाड हळूच चरात कलंडवून वर माती आणि वाळल्या पानांच्या पिशव्या. एप्रिलमध्ये पुन्हा उभं करायचं. हे काम व्हर्ना आणि मी करायचो. "सांभाळून हं," ती पुटपुटायची. मला वाटायचं, मलाच म्हणते आहे. ती त्याला म्हणत असायची. त्याला मातीचं पांघरूण आणि मला चिखलासकट खिळा. उन्हाळ्यात शेजारणी कॉफीचे कप घेऊन यायच्या आणि फुलांचं कौतुक करून जायच्या. माझं नाव कुणाच्या तोंडी नसायचं.

पुढे लॉइड गेले. व्हर्नाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या ऑक्टोबरात शेजारचा ड्वेन थर्माकोलची एक मोठी पांढरी टोपी घेऊन आला.

"निजवणं-बिजवणं विसरा आता. फांद्या छाटायच्या, वर ही ठेवायची, तिच्या डोक्यावर वीट. संपलं!"

"त्याला सोसेल का रे?"

"व्हर्ना, पोरांचे केले नसतील एवढे लाड केलेत तुम्ही त्याचे!"

शेडच्या खिडकीतून ती टोपी मला हिवाळाभर दिसत होती. काल आलेली, मातीचं एक ढेकूळ उचललेलं नाही, आणि गुलाबाला कवेत घेऊन बसली होती! व्हर्ना स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज तिच्याकडे पाहायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. वारा सुटला की मी मनात म्हणायचो, उडव तिला, उडव!

मार्चमध्ये ऊन तापलं. अशा दिवसांत टोपी काढून आत हवा खेळू द्यावी लागते. पण अंगणात निसरडा बर्फ होता, व्हर्नाला बाहेर पडता येईना, आणि ड्वेन गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरण्यात दंग. उबेने गुलाब फसला. वसंत आला समजून त्याने पालवी काढली. मग सोसाट्याचा वारा सुटला, वीट पडली, टोपी कुंपणापलीकडे गेली आणि पाठोपाठ कडाक्याची थंडी पडली. माझ्या मनासारखं झालं होतं. पालवी काळी ठिक्कर पडली.

एप्रिलमध्ये व्हर्ना काठी टेकत आली. तिने एकेक फांदी वाकवून पाहिली, सगळ्या काडकन मोडल्या.

"काढून टाक," ती ड्वेनला म्हणाली. "लॉइडच्या हातची एवढीच जिवंत गोष्ट उरली होती माझ्याकडे. काढ, मी नाही बघत."

वर्षभराने मला हात लागला, तो माझ्या वैऱ्याला उपटायला. आनंद झाला का? झाला की. ड्वेनने मला बुंध्याशी रोवलं आणि वर पाय दिला. ओल्या मातीत माझ्या दाताला काहीतरी कोवळं लागलं, आणि तो आनंद कुठच्या कुठे गेला. माती उलटली. आत नखाएवढा लाल कोंभ होता.

"थांब! थांब, गाढवा!" न बघणारी व्हर्ना ओरडली.

"अहो, ज्याच्यावर कलम बांधलं त्या खालच्या मुळाचा रानगुलाब असेल तो."

"डोळे फुटले का तुझे? कलमाच्या सांध्याच्या वरून फुटलाय. माझाच आहे तो. दे तो काटा इकडे!"

तिने काठी टाकली आणि मला धरलं. सगळा भार माझ्यावर टाकून ती खाली वाकली. इतकी वर्षं हवं होतं ते मिळालं. तिचे दोन्ही हात माझ्या दांड्यावर होते. डोळे मात्र कोंभावर.

त्या ऑक्टोबरात आम्ही त्याला पुन्हा निजवलं. चर ड्वेनने खणला आणि बोलणीही त्यानेच खाल्ली.

मित्रांनो, फुलाकडे बघू नका असं मी म्हणणार नाही. म्हणून उपयोगही नाही. पण काम झालं की अवजाराची माती पुसा, दांड्याला तेलाचा हात फिरवा. आमचीही काही अपेक्षा असते.

गुलाबाला निजवलं त्या दिवशी व्हर्नाने मला फडक्याने पुसलं. पुसताना ती मातीच्या त्या ढिगाकडेच बघत होती. पण पुसलं.