आठ शेर बाजरीचा फरक

सन छत्तीसच्या उन्हाळ्यात, घरोघर माणसं काय खातात, काय विकत घेतात याची पाहणी नाशकात निघाली. तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्या गोरक्षच्या दारी सलाउद्दीन मास्तर तराजू घेऊन आले. दोन महिने रोज दळायला घेतलेली बाजरी मोजायची न् वहीत लिहायची. लिहिणार कोण? तर त्याची लेक, तिसरी पास झालेली कुसा. "पोरीला तिसरी पुष्कळ झाली," म्हणून बापानं तिची शाळा थांबवली होती. आता तोच आल्यागेल्याला तिची वही दाखवी.

आईनं, चंद्रभागेनं, मात्र कुसाला चौथीत घालायचं मनाशी पक्कं केलं होतं. पुस्तकांपुरते पैसे हवे होते. म्हणून रोज एक भरली मूठ बाजरी ती कोनाड्यातल्या गाडग्यात टाकी न् मगच माप कुसापुढे धरी. साठलेली बाजरी शेजारची सकीना विकत घेणार होती.

महिना भरला. मास्तरांनी बाजरीचा डबा तोलला, वही पाहिली, चष्मा पुसला.

"चंद्रभागाबाई, बाजरी आली चाळीस शेर. उरली दोन. वहीत तीस. आठ शेर गेली कुठं?"

"उंदीर हो, मास्तर."

"आठ शेर खाल्लेले उंदीर मला तोलून बघायला हवेत."

गोरक्ष उंबऱ्यात बसून ऐकत होता. चंद्रभागा सरकून कोनाड्याच्या आड उभी राहिली. गाडगं सापडलं की शाळा गेलीच. पण तिच्या गाडग्यात तर जेमतेम चार शेर! मग बाकीची? तिनं सासूकडं पाहिलं. धोंडाबाईंनी तपकिरीची डबी हळूच पदराखाली सरकवली.

"लिहा मास्तर," धोंडाबाई म्हणाल्या, "म्हातारी चोरून खाते."

"कोरडी बाजरी? आठ शेर?"

"दात नाहीत, म्हणून महिना लागला."

गोरक्ष खो खो हसत सुटला. मास्तरही हसले, पण खोटं लिहीनात. 'दळणाआधी काढून ठेवली' एवढंच त्यांनी मांडलं. "कोणी काढली, त्याला माझ्याकडं रकाना नाही," म्हणाले न् उठले.

चुलीपाशी सासू पुटपुटली, "तुझी कशाला गं?"

"कुसाच्या पुस्तकांना. तुमची?"

"ठाऊक असून विचारू नकोस."

दुसऱ्या महिन्यातही आठ शेर कमीच भरली. मात्र या खेपेला सगळी सकीनेकडं गेली, आणि धोंडाबाई रिकामी डबी हुंगत घरभर चिडचिड करीत हिंडल्या.

जूनमध्ये त्यांनी चौथीची पुस्तकं लेकापुढं ठेवली.

"पैसे कुठले?" गोरक्षनं विचारलं.

"उंदरांनी दिले."

गोरक्षनं एक पुस्तक उचललं, चाळलं, जपून खाली ठेवलं. कुसा दाराआडून बघत होती.

"उंदरांना म्हणावं," तो म्हणाला, "पाटी मी आणतो."