एकदाच दाबा

धुरपताबाईनं सकाळी बराबर सहाला बटण दाबलं, अन् सलग तिसऱ्या पाळीला तिच्या नशिबी तीच लाल अक्षरं आली : 'संपर्क तुटला.'

"पोरी, माझं काय चुकून राहिलं?" तांड्यावरून तरातरा चालत येऊन तिनं ज्योतीच्या दारात फोन पुढं केला. "तिकडं भुईमुगानं माना टाकल्या, अन् माझा नंबर पुन्हा शेवटी. शेवटाला पाणी उरतं व्हय?"

ज्योतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिरड शहापूरची ही पोरगी पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करायची, आणि कालव्यातून रानांकडं फुटलेल्या आपल्या चारीसाठी ही वेबसाइट तिनं हौसेनं बांधली होती. पाण्याच्या पाळीआधी सकाळी सहाला नोंदणी उघडणार. जो आधी बटण दाबेल त्याचं रान आधी भिजणार. त्याआधी नंबर लागायचे ते वहीत, आणि वही असायची पाणीवापर संस्थेचे अध्यक्ष अमृतराव यांच्या कपाटात. तांड्याची नावं कायम तिच्या शेवटच्या पानावर. ती तिथं कशी जायची ते देवाला ठाऊक, नाहीतर अमृतरावांना.

ज्योती तशीच उठून अमृतरावांच्या ओसरीवर जाऊन बसली. "काका, आजची नोंदणी रद्द करा. उद्या सहाला पुन्हा घेऊ."

"अगं, तीनदा झालं हे! आपली वही काय वाईट होती?"

"तुमी हो म्हणेस्तोवर मी उठत न्हाई."

अमृतरावांनी दोन चहा पिऊन पाहिले, पोरगी हलेना. शेवटी म्हणाले, "बरं, उद्या एक डाव. त्या बाईचं बटण चाललं न्हाई तर तुझी वेबसाइट बंद अन् वही चालू."

आजार काय आहे ते ज्योतीला ठाऊक होतं. नावं साठवलेली असतात तो डेटाबेस आणि वेबसाइट यांच्यात पाच जोडण्या कायम उघड्या ठेवलेल्या होत्या. आठ तास कुणी फिरकलं नाही की डेटाबेस त्या गुपचूप तोडून टाकी. वेबसाइटला त्याचा पत्ताच नसे, ती सकाळी पहिल्या आलेल्या माणसाच्या हातात मेलेली जोडणी देई. जो चारपाचदा बोट आपटी त्याला कधीतरी ताजी मिळून जाई. पण पानावर ठळक लिहिलं होतं, 'एकदाच दाबा.' शिकल्यासवरल्यांनी ते वाचून सोडून दिलं. धुरपताबाईनं नातीकडून वाचून घेतलं आणि इमानानं पाळलं. आणि लिहिलं होतं कुणी? ज्योतीनंच!

आज तिनं आईला, भागूबाईला, पाच वाजताच पान उघडायला बसवलं होतं. मोठी अक्कल लढवली होती ज्योतीबाईनं! एका माणसानं एक जोडणी जागी झाली, बाकी चार मेलेल्याच राहिल्या.

परतताना चारीच्या फाटकापाशी पाटकरी सुदाम भेटला. फाटकं उघडणं-झाकणं त्याचं काम. चाक फिरवण्याआधी त्यानं तोंडाशी हात धरून हाळी दिली, "चारी मोकळी हाय का?" हाळी या रानातून त्या रानात गेली, आणि तशीच फिरून आली, "हाय, हाय!" मग त्यानं चाकाला हात घातला.

"अन् उत्तर न्हाई आलं तर?" ज्योतीनं विचारलं.

"तर कशाला उचलतो फाटक? दुसऱ्या चारीनं देतो. नुसत्या भरवशावर सोडलं तर पाणी भलतीकडंच जातं, बाई."

"दर वेळी विचारत बसलं की उशीर होत न्हाई?"

"एक हाळी मारायला कितीक वेळ लागतो?" सुदाम हसला.

ज्योती जागीच थबकली. जोडणी हातात देण्याआधी 'आहेस का?' असं विचारायची सोय होतीच की! वेबसाइट जरा हळू होईल म्हणून तिनंच ती बंद ठेवली होती. कुणासाठी घाई केली होती आपण? तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

घरी येऊन तिनं आधी ती हाळी चालू केली. उत्तर आलं नाही तर जोडणी फेकायची, नवी काढायची, मगच माणसाला द्यायची. शिवाय दर दहा मिनिटांनी पाचही जणींना नावानिशी हाक. पण आता भरवसा नको होता. तिनं वेबसाइटची एक नक्कल केली, तिथं आठ तासांऐवजी एका मिनिटात जोडण्या मरतील असं केलं, दर दहा मिनिटांची हाक मुद्दाम बंद ठेवली आणि दाबून पाहिलं. चाललं. पुन्हा मरू दिल्या, पुन्हा दाबलं. वीस वेळा.

"भाकरीचं पार लाकूड झालं गं," भागूबाई करवादली.

"आणखी पाच डाव, आई."

दुसऱ्या दिवशी सहाला अंगणात धुरपताबाई फोन घेऊन उभी होती आणि अमृतराव काखेत वही घेऊन. बाईनं पदराला बोट पुसलं आणि दाबलं. पानावरचं चक्र फिरलं.

'नोंद झाली. नंबर १.'

"पुन्हा दाबू का?" धुरपताबाईनं घाबरत विचारलं.

"न्हाई मावशी. एकदाच."

अमृतरावांनी वही या काखेतून त्या काखेत घेतली आणि घराची वाट धरली.

पाणी सुटायच्या दिवशी ज्योती मुद्दाम फाटकावर गेली. सुदामनं हाळी दिली, "पयला नंबर हाय का रानात?" आजवर या हाळीला शेवटच्या रानातून कधी कुणी उत्तर दिलं नव्हतं. आज लांबून, अगदी तांड्याच्या अंगानं, म्हातारीचा, पण खणखणीत आवाज आला, "हाय रं, मी हाय! सोड पाणी!"

सुदामनं फाटक उचललं.