काकवीची नवी जोडी

मैदानावर खऱ्या नावाने हाक मारायची चाल नव्हती. नाव घरी ठेवायचं आणि बंदुका घेऊन यायचं. टेसाचे वडील वेन्डेल इथे 'काकवी' होते. नेम कधी चुकायचा नाही, पण कारभार दाट काकवीसारखा संथ, त्यांची गोळी सुटेपर्यंत बाकीच्यांची कॉफी गार व्हायची. हे नाव ठेवलं त्यांच्या जुन्या दोस्ताने, हार्लनने, आणि त्याची उपदेश करायची खोड बघून त्याला 'पाद्री' केलं वेन्डेलनी. मॉन्टॅनाच्या त्या उघड्या माळावर महिन्यातून एका शनिवारी ही म्हातारी पोरं जुन्या काळच्या टोप्या आणि बूट चढवून लोखंडी निशाण्यांवर रिव्हॉल्व्हरं झाडायची. लोखंड 'टण्' वाजलं की जन्माचं सार्थक.

या खेपेला गाडी टेसाने चालवत आणली होती. "नातीला खेळ दाखवायचाय," असं वेन्डेलनी सगळ्यांना सांगून टाकलं. खरं कारण टेसाला आणि डॉक्टरांनाच ठाऊक होतं.

टेबलावर वेन्डेलनी नवी पेटी उघडली. आत दोन रिव्हॉल्व्हरं होती, लहानखुरी, बारीक मुठीची. दर गोळीआधी अंगठ्याने ओढायचा घोडासुद्धा वाकवून खाली घेतलेला, अंगठा सहज पोचावा म्हणून.

"अय्या! गोंडस आहेत की," टोळक्यातली ओपल म्हणाली. "काकवी, दूध तुटलंय का रे यांचं?"

"नातीचा खुळखुळा हरवला वाटतं," पाद्री मिशीतल्या मिशीत हसला. "अरे, यातून गोळी सुटते की नुसती शिंक येते?"

"शिंक तर शिंक. तुझ्या प्रवचनापेक्षा लवकर आटपते."

टेबलाभोवती हशा उसळला. कडेवरच्या बाळाला झुलवत टेसा वडिलांच्या तोंडाकडे बघत राहिली. आई गेल्यापासून घरात ते जेवायचे, झोपायचे, हो-नाही म्हणायचे. जिवंत मात्र ते इथेच असायचे, या टवाळखोरांच्या मध्ये.

तेवढ्यात पाद्रीने कमरेचा पट्टा सोडला. त्याची ती जडशीळ जोडी वेन्डेलसमोर ठेवत म्हणाला, "हे घे. आज माझी वापर. ती पिल्लं झोपव पाळण्यात. काय रे, पेलतील ना?"

"पेलतील ना?" सगळ्यांनी सूर धरला.

टेसा पुढे झाली. "बाबा, नवीच वापरा ना. मला ती बघायचीत."

वेन्डेलनी नुसतं तिच्याकडे बघितलं. हिवाळ्यात स्वयंपाकघरात त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं होतं. टेबलावरचा हात आपोआप थरथरत होता आणि ते दुसऱ्या हाताने दाबून धरत होते. "कुणाला बोलायचं नाही," ते म्हणाले होते. "मैदानावरच्यांना कळलं ना, तर ते माझ्याशी चांगलं वागायला लागतील. ते मला सोसायचं नाही." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हलक्या जोडीचा शोध धरला होता. ती त्यांच्या हातात बसायची. घरामागे त्यांनी टेसासमोर डबे उडवून दाखवले होते, एकही न चुकता.

आता ते पाद्रीचा पट्टा बांधत होते. टेसाने बाळाच्या टोपीची नाडी घट्ट केली.

भरताना एक गोळी खाली पडली. "पेरणी चाललीय का, काकवी?" ओपल ओरडली. तेही हसले.

रेषेवर ते उभे राहिले. पाठीमागे हातात घड्याळ घेऊन पाद्री. शिट्टी वाजली. पहिली गोळी टण्. ऐका म्हणावं! मग त्यांनी पुन्हा घोडा ओढला, अंगठा घसरला, आणि भरलेलं रिव्हॉल्व्हर हातातून सुटून धुळीत पडलं.

सवयीने ते वाकायला गेले.

"राहू दे," पाद्री म्हणाला.

ज्याच्या हातून पडलं त्याने त्याला हात लावायचा नाही, हा इथला नियम. मागचा माणूस उचलणार, रिकामं करणार, आणि भरलेलं पाडलं तर त्या दिवशी घरी. एकदा पाद्रीलाच जावं लागलं होतं. त्यावरून वेन्डेलनी वर्षभर त्याची सालटी काढली होती: "आज हाताला डिंक लावलास का रे?"

पाद्री गुडघ्यांवर बसला. एकेक गोळी काढताना त्याची नजर वेन्डेलच्या रिकाम्या हाताकडे गेली. हातात काही नव्हतं, तरी तो हलत होता. पाद्रीने मान वळवून टेसाकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली. त्याला कळलं.

आता डिंकाची पाळी होती. वेन्डेल वाट बघत उभे होते. एक टोमणा, कसलाही.

कुणी हसलं नाही. ओपलने खुर्ची आणली. कॉफी आली, पेला अर्धाच भरलेला, सांडू नये म्हणून. नव्या जोडीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पाद्रीने ती दोन्ही लहान रिव्हॉल्व्हरं फडक्यात गुंडाळली, पेटी मिटली, स्वतः गाडीपर्यंत नेली आणि दार उघडून धरलं.

"जपून बस हं, वेन्डेल," तो म्हणाला. किती हळू, किती गोड.

गाडी माळावरून निघाली. मागे पुन्हा टण् टण् सुरू झालं. मागच्या सीटवर बाळ झोपलं होतं. वेन्डेल मांडीवरच्या पेटीवर दोन्ही हात दाबून समोर बघत होते.

"बाबा..."

"माझं खरं नाव येतं त्याला," ते म्हणाले.