शांततेचा धनी

गिटार हातात असली की अमृतला कोणाकडे पाहता येत नसे. डहाणूच्या गोदामात, चिकूच्या रिकाम्या क्रेटांच्या उतरंडीमागे, त्याचा बँड सराव करी. तेव्हाही तो भिंतीकडे तोंड करून वाजवी. बँड पॉवर मेटल या वेगवान रॉकचा होता. घोडदौडीसारखे ड्रम, दोन गिटारींनी एकमेकींना धरून चढवत नेलेले सूर, आणि हरलेल्या लढाईचं गाणं असलं तरी आभाळाला भिडणारा गायकाचा आवाज. गायक नितीन अमृतला ‘पाठमोरा’ म्हणे, आणि त्यात प्रेमच अधिक असे.

गेले काही महिने दर रविवारी अमृत तलासरीला जात होता, हे मात्र नितीनला ठाऊक नव्हतं. तलासरीत नविन राहत असे. तो लग्नांतून वाजवणाऱ्या पार्टीत कीबोर्ड वाजवी. कासाच्या बाजारात एकाच दुकानात दोघं तुटलेली वायर जोडून घ्यायला आले होते, तिथे ओळख झाली. नविनने त्याला एका लग्नात नेलं. कीबोर्डमधून तारप्यासारखा, भोपळ्याच्या त्या आदिवासी फुंकवाद्यासारखा, घुमारा निघत होता आणि अंगणात माणसं एकमेकांच्या कमरेला हात घालून, एकाच लांब साखळीत, तासन्‌तास नाचत होती. अमृत आंब्याखाली उभा राहून पाहत राहिला. त्याच्या संगीतावर आजवर कोणी नाचलं नव्हतं. ऐकणारे माना हलवत. पण ते हलणं ज्याचं त्याचं, एकट्याचं असे. इथे एक पाऊल उचललं गेलं की त्याबरोबर सारी ओळ उचलली जात होती. त्या रात्री घोलवडला घरी परतताना त्याला आपल्या एकटेपणात पहिल्यांदाच एक ताल ऐकू आला.

मग दोघांनी मिळून एक गाणं रचलं आणि लॅपटॉपवर मुद्रित केलं. नविनचा नाचाचा सूर, त्याखाली मेटलचे धावते ड्रम, वर अमृतच्या गिटारी. शेवटाकडे येताना अमृतने एक जागा ठेवली होती, जिथे सगळं एकदम थांबे. श्वास रोखून धरावा इतकी शांतता, आणि मग तोच सूर अधिक उंचावरून कोसळे. त्याच्या लेखी सारं गाणं त्या शांततेसाठीच होतं.

“लग्नात वाजणं थांबलं की लोकं जेवायला जातात,” नविन म्हणाला होता.

अमृतने ऐकलं नाही. मनाशी मात्र त्याने ठरवून टाकलं होतं, की नविनच्या बहिणीच्या, निलमच्या हळदीला हे वाजवायचं. लोक नाचले नाहीत तर पुसून टाकायचं आणि पुन्हा तलासरीची वाट धरायची नाही.

हळदीच्या दिवशी ऊन कलल्यावर पाड्यावर साखळी उभी राहिली. सर्वांत पुढे नविनची रूपीआत्या होती, गालांना हळद फासलेली. नविनने लॅपटॉपवरून गाणं सोडलं. अमृत गिटार बाजूला ठेवून स्पीकरच्या भिंतीमागे जाऊन बसला आणि दोन डब्यांमधल्या फटीतून पाहू लागला.

ड्रम धावू लागले तसा तो फटीकडे झुकला. एवढ्या वेगाला पाय कसे पुरणार? परंतु साखळीने त्या धावण्याकडे लक्षच दिलं नाही. ती दर दुसऱ्या ठोक्यावर पाऊल टाकू लागली, संथ आणि ठाम, आणि ते पाऊल गाण्यात असं बसलं जणू तिथे त्याची जागा राखलेलीच होती. अमृतचे डोळे भरून आले. तेवढ्यात ती शांतता आली.

साखळी सैल पडली. सगळी तोंडं जनरेटरकडे वळली.

“काकड्या, डिझेल संपलं काय रे?”

“बल्ब बघा की वर,” जनरेटरवाला काकड्या म्हणाला. “माझं चालू आहे. वाजवणाऱ्याचं संपलं असेल.”

हशा उसळला आणि त्यातच गाणं उंचावरून कोसळलं. पुढच्या दोघीजणी दचकून एकमेकींवर आदळल्या, हात सुटले, आणि मग ते हात कोणी पुन्हा जोडले नाहीत. काहीजण खरोखरच जेवायला गेले. नविनने घाईने नेहमीची चाल धरली.

थोड्या वेळाने तो पाठीमागे आला. “तेवढं थांबणं काढून टाक. दोन मिनिटांचं काम. बाकी नाचत होते ना?”

अमृतने मान डोलावली. शांततेचा तो तुकडा त्याने पडद्यावर निवडलाही होता, तोच रूपीआत्या पाण्याचा तांब्या घेऊन तिथे आली.

“हे वाजवत कोण होतं?”

“हा. अमृत, घोलवडचा.”

“हा? मला वाटलं वायरीवाला.” ती पाणी प्यायली. “मघाशी बिघडलं, का तू थांबवलंस?”

“थांबवलं,” अमृत खाली पाहत म्हणाला.

“मग सांगायचं ना.”

“मध्येच कसं सांगणार आत्या?”

“तोंडाने कोण सांगतं? तारपेवाला कधी बोलतो काय? तो आमच्या मधे असतो. आम्ही त्याला पाठ दाखवत नाही. तो वळला की वळतो, वाकला की वाकतो. तुझ्यात मधे कोणीच नव्हतं बाबा. बघायचं कोणाकडे? डब्यांकडे?”

ती निघून गेली. अमृत त्या निवडलेल्या तुकड्याकडे पाहत राहिला. तो कापला असता तर गाणं चाललं असतं, लोक नाचले असते, आणि त्याला फटीमागून हलावंही लागलं नसतं. पण आता त्याला उमगलं की बेवारस शांतता म्हणजे लोकांच्या लेखी बिघाडच. तिला कोणीतरी धनी हवा.

“एकदा परत लावशील?” तो म्हणाला. “मी हात वर केला की बंद कर. खाली आणला की सोड.”

“किती वेळाने आणणार?”

“माहीत नाही.”

नविनने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या गिटारला लांब वायर जोडली.

अमृत अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिला, तशी रूपीआत्याने साखळी पुन्हा जोडून घेतली. इथे भिंत नव्हती. पाठ फिरवायची म्हटलं तरी कोणाकडे फिरवणार. चहूकडून साखळी त्याच्याभोवती वळत होती आणि प्रत्येक चेहरा त्याच्याकडे होता. पहिले सूर चुकले. मग बोटांनी वाट धरली, ड्रम आले, पावलं आली. शेवटाकडे येताना त्याने डोळे उघडे ठेवले आणि उजवा हात वर केला.

सगळं थांबलं. साखळीही थांबली, एक पाऊल अर्धवट उचलून. दूर हायवेवर एक ट्रक गेला. माणसांचे श्वास ऐकू येत होते. कोणी जनरेटरकडे पाहिलं नाही. अमृत एकेक चेहरा पाहत गेला, घामाने ओला, हळदीने पिवळा, त्याच्या हाताकडे लागलेला; आणि हात खाली आणायचा असतो हेच तो विसरून गेला.

“टाक की हात आता,” रूपीआत्या म्हणाली. “माझा गुडघा दुखतोय.”

साखळीभर हसू पसरत गेलं, पण कमरेवरचा एकही हात सुटला नाही. अमृतही हसला, आणि त्याने हात खाली आणला.