हाकेवरची मेंढरं

बोटीवरून परत आल्यापासून बिरूनं मेंढरांना हाक मारली नव्हती. धनगरानं हाक सोडणं म्हणजे वाण्यानं तराजू सोडण्यासारखं; पण निमगाव केतकीच्या माळावर त्याला कुणी तसं तोंडावर म्हटलं नाही. ओढा आडवा आला की बिरू मागं रेंगाळायचा आणि त्याची बायको सारजा पुढं होऊन कळप पाण्यात घालायची. लोक म्हणायचे, दर्यानं झपाटलंय त्याला. एवढं म्हणून झालं की हळूच विचारायचे, आबासाहेबांकडून काही कळलं का. दर्यात गेलेली मेंढरं या लोकांचीच होती ना.

आबासाहेब हे बारामतीचे अडत्ये. गुळात सगळेच कमावतात, आपण मेंढरात कमावू, असं चौतीस साली त्यांच्या डोक्यात आलं. माळावरच्या धनगरांकडून त्यांनी मेंढरं उचलली ती पैसे न देता. माल कोलंबोला पोचला की चुकते करायचे, असा बोल. मुंबईला कळप बोटीवर चढवला, मालाचा विमा उतरवला आणि राखणीला बिरूला धाडलं. गोव्याच्या खाली वादळानं बोट गाठली. पाणी आत शिरलं, बोट कलली, आणि कप्तानाचा हुकूम सुटला की वरचा माल समुद्रात टाका. खलाशांनी कठड्याचं दार उघडलं आणि पुढचा एडका उचलून फेकला. दुसऱ्याला हात लावायची वेळच आली नाही. एडका गेला तिकडं कळप गेला. बिरू आडवा पडला, तर त्याच्या पाठीवर पाय देऊन गेला. बोट हलकी होऊन मंगळूरला लागली आणि बिरू घोंगडं खांद्यावर टाकून घरी आला.

मग विमा कंपनीचं उत्तर आलं. कप्तानाच्या हुकमानं टाकलेला माल कंपनी भरून देईल; जनावराच्या अंगच्या खोडीनं झालेलं नुकसान देणार नाही. टाकला तो एक एडका, बाकीची आपल्या पायांनी गेली; सबब एका एडक्याची भरपाई मंजूर. कायदा शहाण्या माणसांनी केला होता, फक्त मेंढरांना तो कुणी वाचून दाखवला नव्हता.

पण आबासाहेब त्या शहाण्यांच्याही वरचे. त्यांनी बिरूला पेढीवर बोलावलं. माळावरचे वडीलधारे म्हस्कूतात्या आधीच येऊन बसले होते; सगळ्यांत जास्त मेंढरं त्यांची गेली होती. बिरूला गादीवर जागा मिळाली नाही, पण चहा मिळाला. चहा पाहूनच तो सावध झाला.

"कप्तानाचा हुकूम झाला आन तू हाक मारलीस," आबासाहेब म्हणाले. "हाकंवर मेंढरं गेली. हाक मारून घातली म्हंजी टाकलीच की. मग कंपनीला समद्यांचा पैका द्यावा लागतुया."

"म्या हाक मारली न्हाय, आबासाहेब."

"मला ठावं हाय. कंपनीला कुठं ठावं हाय?"

बिरूनं बशी खाली ठेवली. म्हस्कूतात्यांनी मग सावकाश सांगायला घेतलं. माळावर कुणाच्या मेंढरांच्या वाड्यात किती जागा मोकळी पडली, कुणाची बायको रिकाम्या वाड्याकडं बघवत नाही म्हणून पाठ करून चूल पेटवते, कोण पोरंबाळं घेऊन दुसऱ्याची मेंढरं राखायला गेला. आवाज न चढवता त्यांनी एकेक घर बिरूसमोर आणून उभं केलं.

"एक शबूद बोलायचा हाय, लेका. तुजं काय झिजतंय?"

"तात्या, ती हाकंबिगार गेली," बिरू म्हणाला. "कुणी बोलावलं न्हाय, म्हून तितंच उभी ऱ्हायली असतील. म्या हाक मारली म्हणलो, तर ती हाकंवर येतील."

"येऊ द्यात की," आबासाहेब हसले. "पुन्यांदा इकू."

म्हस्कूतात्या हसले नाहीत. आणि ते हसले नाहीत म्हणूनच बिरूला नाही म्हणता आलं नाही.

कंपनीचा साहेब दौंडच्या गाडीनं आला. छत्री, चष्मा आणि बोलण्यात घाई नाही. असा माणूस लवकर फसत नाही. त्यानं विचारलं आणि बिरूनं जमिनीकडं बघत सांगितलं, व्हय, मारली हाक. म्हस्कूतात्यांनी शपथेसाठी भंडारा पुढं केला. पण कंपनीच्या नियमात भंडाऱ्याला जागा नव्हती.

"हाकेवर मेंढरं पाण्यात उतरतात, हे मला डोळ्यांनी बघू दे," साहेब म्हणाला.

बिरूचा कळप तेव्हा बारामतीच्या शिवारातच होता. एका भाजीपाल्याच्या रानात लेंडीखतासाठी बसवायला आणला होता. तो कालव्याच्या अलीकडच्या काठावर उभा केला आणि राखायला म्हस्कूतात्या थांबले. बिरू पुलावरून पलीकडं गेला. साहेब आणि आबासाहेब पुलाच्या मधोमध, एकाच छत्रीत. पैसे देणारा आणि घेणारा इतके जवळ एरवी उभे राहत नाहीत.

बिरूनं डोळे मिटले आणि हाक मारली. बापाकडून आलेली लांब, जिभेखालून निघणारी हाक.

कळपानं माना वर केल्या, पण जागचा हलला नाही. आबासाहेबांनी घाम पुसला. मग मेंढरं आपली आपण दोन बाजूंना सरली आणि मधे वाट मोकळी झाली; पालखीला माणसं देतात तशी. वारा नव्हता. तरी त्या वाटेसमोर कालव्याचं पाणी फुटलं आणि एक रेघ बिरूच्या दिशेनं येऊ लागली. मग तिच्या मागं दुसरी, मग कितीतरी. पलीकडच्या काठाची माती ओली झाली. बिरूच्या पायांना थंड, ओली लोकर घासून गेली. डोळे उघडायची त्याची छाती झाली नाही. नाकात खारा वास भरला, बोटीवरचा.

हे सगळं सरल्यावर कळप पाण्यात उतरला आणि पोहत पलीकडं आला.

"जरा उशिरा ऐकतात," साहेब म्हणाला, "पण ऐकतात." त्यानं आबासाहेबांना तिथंच सांगितलं की सगळ्या मेंढरांची भरपाई मंजूर व्हावी असं तो कळवील. म्हस्कूतात्या पुलावरून धावत आले, बिरूचे हात धरले, आणि पटकन सोडले. हात बर्फासारखे होते.

दिवस मावळताना बिरू रानात पोचला. सारजानं सुताच्या जाळीचं कुंपण, वाघर, घालून ठेवलं होतं. मेंढरं आत गेली. पैसे मिळणार हे तिच्या कानावर आधीच आलं होतं. नवऱ्याचा चेहरा बघून तिनं तो विषय काढला नाही.

"अवं, समदी आली. वाघरीचं त्वांड लावू का?"

"ऱ्हाऊ दे," बिरू म्हणाला. "आजून येत्यात."

सारजानं वाटेकडं पाहिलं. वाट रिकामी होती. ती काही बोलणार, एवढ्यात वाघरीतली मेंढरं आपोआप सरकू लागली. एकमेकांना खेटून, अंग चोरून, ती एका कडेला दाटली आणि निम्मी जागा रिकामी झाली.

सारजानं वाघरीची दोरी हातातून सोडली. मग तिनं पदर आवरला आणि वाघरीच्या तोंडातून बाजूला झाली.