खालून पाहिलेला जिना

मित्रांनो, मी एक जुना दगडी जिना आहे. शहराचा कारभार चालतो त्या जुन्या इमारतीच्या आत मी वळत वळत सभागृहापर्यंत चढतो. माझ्या बहात्तर पायऱ्यांना खालून एकही खांब नाही. प्रत्येक पायरीचे एक टोक भिंतीत रुतलेले आणि बाकीचा भार खालच्या पायरीवर. मला घडवून झाले, तेव्हा शेवटचा लाकडी टेकू काढताना मुख्य पाथरवट स्वतः माझ्याखाली उभा राहिला. "पडला तर माझ्यावर पडू दे," म्हणाला. त्याच्या विश्वासाने मी आजही थक्क होतो.

पुढे शंभर वर्षे लोक माझ्यावरून चढले-उतरले, धापा टाकत दोन शिव्याही देऊन गेले. कौतुक व्हायचे ते दर्शनी कमानींचे. माझी खरी ओळख होती फक्त झाडलोट करणाऱ्या मावशीला. माझ्या खालच्या अंगाची जळमटे तीच काढायची.

एके वर्षी शहराने ठरवले, जुन्या इमारती वाचवायला आपला स्वतःचा नियम करायचा. मला कोण आनंद झाला! पण यादी करणाऱ्यांनी समोरच्या फुटपाथवरूनच इमारती पाहिल्या आणि मसुद्यात लिहिले, 'रस्त्यावरून दिसणारा भाग जतन करावा.' मी तर आत! मला तोडून तिथे लिफ्ट बसवायचा नकाशाही तयार झाला. मी पार हबकलो.

मसुदा फलकावर लागला, नागरिकांच्या हरकती मागवल्या गेल्या. फलकाची काच पुसता पुसता मावशीने तो वाचला आणि थेट अर्ज दिला. सुनावणीच्या दिवशी नगराध्यक्ष म्हणाले, "मावशी, माझे गुडघे गेलेत हो. आणि तुम्ही लिफ्ट नको म्हणता?"

"लिफ्ट हवीच की साहेब, माझे गुडघे काय नवे आहेत? पण ती मागच्या अंगणात बसवा. आणि आधी सगळे जरा खाली चला."

कुरकुरत सगळे उतरले. मावशीने त्यांना माझ्याखाली उभे केले. "आता वर बघा."

माना वर झाल्या.

"हा उभा कशावर आहे?" नगराध्यक्षांनी हळूच विचारले.

"एकमेकांवर," मावशी म्हणाली. "खालची एक पायरी काढलीत, की संपलं सगळं."

त्याच दुपारी मसुद्यात दोन शब्द वाढले, 'आणि आतील'. मतदानाला सभागृहातले सगळे हात वर गेले. लिफ्ट अंगणात बसली. कागदावरचे दोन शब्द एवढा दगड तोलून धरतात, हे मला नवलच वाटले.

त्या नियमाने पहिला नकार कुणाला दिला, ठाऊक आहे? खुद्द नगराध्यक्षांना! माझ्या भिंतीत त्यांना आपल्या नावाची संगमरवरी पाटी ठोकायची होती. नियम राबवायला नेमलेल्या समितीने अर्ज फेटाळला. ते चिडतील, असे मला वाटले. त्यांनी पत्र वाचले, पाटी काखेत मारली आणि माझा कठडा धरून सावकाश उतरून गेले. स्वतः केलेला नियम स्वतःच पाळणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला आणि माझा ऊर भरून आला.

मित्रांनो, ती भिंत अजून रिकामी आहे. मला पाहायला जरूर या, खाली उभे राहून मान वर करा. फक्त तिथे आपले नाव कोरू नका. ज्यांनी मला वाचवले, त्यांचेही तिथे नाही.